हिराच्या माशांचे शनिवारचे पाणी

मी, कचरू दत्तोबा रणपिसे, वय ७२, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती वयाप्रमाणे बरी आहे, डोके ठिकाणावर आहे आणि कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी हिरा. ती गेल्या वर्षी वारली.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतील ठेव मुलगा अभय व मुलगी अक्षता यांना निम्मी-निम्मी. यात वाद होण्यासारखे काही नाही.

२. पाइप पाने आणि बाकीची अवजारे अक्षताला. लहानपणी तीच माझ्याजवळ बसून वॉशर निवडून द्यायची. करवत शेजारी संभाजी खांदवे यांना द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. तेव्हा चार वर्षांपूर्वी नेलेली करवत त्यांनी परत करावी.

३. हॉलमधला चार फुटी फिशटँक, माशांसह, अभयला. याबद्दल थोडे सांगावे लागेल.

टँक हिराचा. दर रविवारी ती बादल्यांनी पाणी बदलायची. तिचे गुडघे दुखू लागले तेव्हा मी नळाची लाइन थेट टँकला जोडली. सत्तावीस वर्षे जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात क्लोरिन सोडणाऱ्या माणसाने हे केले. संध्याकाळपर्यंत नऊ मासे मेले. हिरा दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, तुमचं पाणी पुणेकरांना सोसतं. यांना शिळं लागतं."

मग बाल्कनीत उंच स्टँडवर पिंप ठेवले. ते शनिवारी भरायचे, क्लोरिन उडून जावा म्हणून उघडे ठेवायचे आणि रविवारी कॉक उघडायचा. पाणी सावकाश टँकमध्ये येते, जास्तीचे मागच्या काचेतल्या भोकातून पाइपने कुंड्यांत जाते. बादली उचलावी लागत नाही. कॉक हिराच्या हाताला येईल इतका खाली आहे. अभयने वाकावे.

पिंप भरले की नळ आपोआप बंद करणारा फ्लोटही मी आणला होता. तिने बसवू दिला नाही. "मग मी शनिवारी तिथं उभी कशाला राहू?" पिंप भरायला वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात ती दोन्ही मुलांना फोन करायची, एक हात नळावर ठेवून.

टँक खराडीला आपल्या घरी नेताना अभयने पाइप कापू नयेत. जोड फिरवून सुटतात. पाने अक्षताकडे असतील. तिला बोलवावे लागेल.

४. हिरा दवाखान्यात असताना अक्षता म्हणत होती, आईला घरी नेऊ. अभय म्हणत होता, अजून एक उपचार करून बघू. हिरा तिथेच गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या दिवशी अक्षता म्हणाली, "दादा, तू आईला घरी येऊ दिलं नाहीस." तो म्हणाला, "तू तर आधीच हात टेकले होतेस." तेव्हापासून दोघे बोललेले नाहीत. मी समोर बसलो होतो आणि गप्प राहिलो. आज लिहून देतो. उपचाराच्या कागदावर सही माझी होती. हिराने घरी नेण्याचे मलाही विचारले होते. मी "परवा बघू" म्हणालो. मुलांनी हा दोष एकमेकांना देऊ नये.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर बाल्कनीत पाण्याचा आवाज आला. शनिवार होता, मी विसरलो होतो. अभय पिंपाशी उभा होता. एक हात नळावर, दुसऱ्या हातात फोन. फोन कोणालाच लावलेला नव्हता. म्हणून टँक त्याला.

५. फ्लोट माळ्यावर खोक्यात आहे. तो बसवू नये. शनिवारी पिंप भरेपर्यंत अभयने अक्षताला फोन करावा आणि तिने तो घ्यावा. वकील म्हणतात, अशी अट टिकत नाही. मग ही विनंती समजावी. बोलायला काही सुचले नाही तर पिंप किती भरले ते सांगावे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली, त्यांनी माझ्या देखत केली.

सही: कचरू दत्तोबा रणपिसे

साक्षीदार:
१. संभाजी खांदवे (करवत आणून दिली.)
२. डॉ. शेफाली मोकाशी

विश्रांतवाडी, पुणे
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५