पाण्याने वाजलेली ताटं

सोमवार, कार्तिक वद्य चतुर्थी

माझ्या वैशूने जुन्या रेडिओचे तुकडे जोडून केलेलं वाद्य आज देवीच्या मंडपात मांडलं. लाकडी पाटावर दोन पितळी ताटं, खाली तारा. दोघांनी एकेका ताटावर हात ठेवून एकमेकांचा हात धरला की सूर निघतो.

शेजारची शांताबाई म्हणाली, "नवऱ्याचा हात धरा म्हणते पोरगी, अन् तेही देवीपुढं." बायका हसल्या. माझं लक्ष कुठे होतं? आमचे हे कापूस विकायला उमरखेडला गेले, त्याला चार दिवस झाले, अजून आले नाहीत. जाताना बोललेही नाहीत. यंदा कापसाला भाव नाही, कर्ज डोक्यावर; कोणत्या घरी कसली बातमी येईल... मी कोणाला विचारतच नाही.

सासूबाईंनी ताटांना हळदकुंकू वाहिलं, तांब्यातलं पाणी शिंपडलं. म्हणाल्या, "माय, माहा लेक जिता हाय ना?"

कोणीही हात न लावता ताटं वाजली. वाजतच राहिली. सगळ्यांनी हात जोडले.

वैशू माझ्या कानाशी आली. "आई, पाटावर पाणी सांडलं, म्हणून वाजून राह्यलं. पुसू का?"

देवीपुढे खोटं चालत नाही, हे मीच तिला शिकवलेलं. पण तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "चाल वं सूनबाई, भूक लागली." हे गेल्यापासून त्यांनी धड घास घेतला नव्हता.

"राहू दे पाणी," मी म्हटलं.

त्या पोटभर जेवल्या. मी माझी भाकर तशीच झाकून ठेवली. पाण्याचं मले कायले सांगितलं पोरीने?