पंखा नंबर दोन

९ फेब्रुवारी १९८२, मंगळवार
काल पौर्णिमा, आज उधाण. बारा ते सहा होडीत, नदी खाडीला मिळते तिथे. ऊन मी म्हणतंय. करंटमीटर पाण्यात सोडा, हेडफोन कानाला, स्टॉपवॉच हातात, पंख्याच्या टिकटिकी मोजा. दर अर्ध्या तासाला, तीन वेगवेगळ्या खोलीवर. मधल्या वेळात लाटांच्या लाल-पांढऱ्या काठीवरचा आकडा घ्या. गाळाच्या पाण्याची बाटली भरा, चिठ्ठी लावा. माणूस एक, कामं तीन. धर्मा तांडेल होडी धरून बसतो नि मला हसतो.
"सायेब, तुना चार हात पायजेत."
डब्यातली भाजी सांडली. नुसती भाकरी खाल्ली.

१२ फेब्रु., शुक्र.
वाशीला ऑफिस. प्रधानसाहेब खुशीत. माझ्या आकड्यांवरून म्हणे पाण्याला जोर बेताचाच आहे, तेव्हा खाडीच्या बांधाला दोन गाळ्यांची मोरी पुरे. पाच गाळे करायचे घाटत होतं. "कांबळे, काम सोपं केलंत." रिपोर्ट १५ मार्चला मुंबईला. त्यानंतर परमनंटची यादी.
सुशीलाला सांगितलं. परमनंट म्हणजे क्वार्टर, क्वार्टर म्हणजे घरातला नळ. दिघ्याच्या या खोलीत आल्यापासून बाई पहाटे साडेचारला पिंप लावते. म्हणाली, "आधी कागद हातात येऊ दे, मग पेढे." पण गुणगुणत होती. ऐकलं मी.

१६ फेब्रु., मंगळ.
भांगाचे दिवस, उधाणाच्या उलट. पाणी मेल्यागत. दिवसभर मोजण्यासारखं काही नाही, डास मात्र मोजावेत तेवढे थोडे. गाळाच्या बाटल्या घरी आणल्या, सकाळी परस्पर ऑफिसला न्यायला. सु. म्हणते, "लोक बाहेरून भाजी आणतात. आमच्याकडे चिखल येतो."

२४ फेब्रु., बुध.
काल अमावास्या, आज पुन्हा उधाण. बोलता बोलता तांडेलाला मोरीचं सांगून बसलो. दोन गाळे. वल्हं तसंच धरून राहिला.
"ह्या पान्याला दोन दरवाजे?"
म्हटलं, मोजून काढलंय, अंदाजपंचे नाही. तर म्हणतो, "तुजा मशीन झोपलंय, सायेब." मी तापलो. चार वर्षं हे काम करतोय! त्याने होडीतला सुका नारळ घेतला, वरच्या मापखांबाशी पाण्यात टाकला. "आता घड्याल धर." खालच्या मापखांबापर्यंत अंतर मला पाठ आहे. नारळ गेलासुद्धा. हिशेब केला, माझ्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट.
वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात असतं, वारा ढकलतो, असं बरंच त्याला समजावलं. तो "हां" म्हणाला. नारळ आणखी दोनदा टाकला. तेच.
दोन गाळ्यांतून एवढं पाणी जायचं म्हणजे धबधबाच की. त्याची होडी तिथूनच जाणार-येणार. आणि बांधाआड ओहोटीला जोर राहिला नाही तर बंदरात गाळ बसणार तो वेगळाच. हे तो बोलला नाही. मीच परत येताना बसमध्ये बोललो, मनात.

२५ फेब्रु., गुरु.
मीटर घरी आणलं. पेपर पसरून रॉकेलने धुतलं. पंख्याच्या मुळाशी ग्रीस नि चिखलाचा थर. खरवडला.
खाली कोरलेला आकडा १.
पेटीत पंखे दोन असतात. एक नंबरचा सावकाश फिरतो, दोन नंबरचा भराभर. दोघांचे तक्ते वेगळे, झाकणाच्या आतून चिकटवलेले. मी तक्ता लावतोय दोनचा. पाण्यात फिरतोय एक, म्हणून वेग कमी निघतोय.
रजिस्टर काढलं. "पंखा क्र." या रकान्यात डिसेंबरच्या पहिल्या ओळीत २. त्याखाली —〃—. त्याखाली —〃—. अकरा पानं! दर अर्ध्या तासाला पंखा बघायचा नि नंबर लिहायचा, तो रकाना त्यासाठीच असतो. मी सकाळीच पानभर खुणा ओढून ठेवत होतो. होडीत हात मोकळा नसतो म्हणून. वा रे शहाणा.
जेवलो नाही.

२७ फेब्रु., शनि.
जानेवारीत कधीतरी जाळ्याचा दोरा पंख्यात गुंतला होता, तेव्हा मीच पंखा बदलला. घाईत. तारीख आठवत नाही. तारीख कळली तर सोपं आहे, तिथून पुढचे आकडे खऱ्या तक्त्यावरून पुन्हा काढायचे, एका रविवारचं काम. पण कुठून पुढचे?
या वहीला विचारावं म्हटलं. जानेवारीत सु. माणगावला माहेरी गेली होती, तेव्हाचे पंधरा दिवस कोरे. आधी एका पानावर "आज फार चिडचिड" एवढंच. कशाबद्दल, देव जाणे.
तांडेलाला विचारलं. "थंडी व्हती," म्हणाला.

१ मार्च, सोम.
सांगायचंच असं ठरवून प्र. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी आधी यादी दाखवली, कच्ची. माझं नाव तिसरं. "वडिलांना पत्र टाका गावी."
नवीन स्टॉपवॉच मागून बाहेर आलो. जुनं उत्तम चालतं.
भेकड. दुसरा शब्द नाही.

४ मार्च, गुरु.
उपाय एकच. १० तारखेला पौर्णिमेचं मोठं उधाण आहे. त्या दिवशी पुन्हा मोजायचं, आधी एक पंखा त्याच्या तक्त्याने, लगेच दुसरा त्याच्या तक्त्याने. दोघांचं जुळलं तर ते खरं. मग जुने आकडे किती खोटे ते दाखवता येईल. पुढचं उधाण गुढीपाडव्याला. तोवर रिपोर्ट मुंबईत नि मोरी दोन गाळ्यांची.
तांडेलाला म्हटलं, दहा तारखेला निघू.
"शिमगा हाय त्या दिशी."
शिमग्याला होड्या काठावर. रंगवायच्या, हार घालायचे, पूजा. पाण्यात कुणी घालत नाही. चार वर्षं या लोकांत वावरतो नि हे माझ्या ध्यानात नाही!
"दुसरं कोण येईल?"
"कोन नाय येनार."

६ मार्च, शनि.
सु.ला सगळं सांगितलं. तक्ता, पंखा, खुणा. पोळी तव्यावर तशीच.
"कुणाला कळलंय?"
"नाही."
"मग?"
मी बंदर, गाळ, होड्या वगैरे सांगू लागलो. तर पोळी उचलून ताटात आपटली. "त्या लोकांचा विचार करा. आणि मी त्या नळावर पिंप ओढते त्याचं काय? एक महिना गप्प बसता येत नाही तुम्हाला?" मीही आवाज चढवला. शेजारच्या बाईंनी रेडिओ मोठा केला, बिचाऱ्यांनी.
तिचं चुकत नाही. म्हणून जास्त राग आला.

८ मार्च, सोम.
कोळीवाड्यात गेलो. तांडेल होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, निळा रंग देत होता. सांगून टाकलं. मशीन झोपलं नव्हतं, मी झोपलो होतो. पाणी आहे त्याहून कमी लिहिलंय मी, आणि त्याच्यावर मोरी बांधताहेत.
"चूक कोनाची?"
"माझी."
"सायबाला सांगितलंस?"
"नाही अजून."
"मना आदी सांगतंस?"
ब्रश चालू होता. अर्धी बाजू रंगवून झाली. निघालो तेव्हा त्याच्या बायकोने चहाला थांबवलं. मी थांबलो नाही, तोंडच नव्हतं.

१० मार्च, बुध.
अकराला बंदरावर. येईल अशी आशा नव्हती, घरी बसवेना म्हणून गेलो. ढोल चालू. होड्या एका रांगेत, हार, पताका, काय थाट! मी पेटी घेऊन उभा, अंगावर कुणीतरी रंगही टाकला.
तांडेल आला. होडीचा हार काढला, बायकोच्या हातात दिला. ढोल थांबला. बायको म्हणाली, "अवो, आजच्या दिशी?" एक म्हातारा मोठ्याने काहीतरी बोलला, ते इथे लिहीत नाही. तांडेल मला म्हणाला, "ढकल. बगतंस काय?"
दोघांनीच ढकलली. एरवी चार जण लागतात.
बाराला भरती पुरी. एकपासून ओहोटी ओढू लागली. दोन पंखे आलटून पालटून. या वेळी नंबर प्रत्येक ओळीला हाताने लिहिला. अडीचला मीटर सरळ खाली जाईना, मागे तिरकं वाहू लागलं. तीनला होडी नांगराच्या दोरावर तटतटली, काठीवर लाटा फुटत होत्या, आकडा दिसेना. दोर नाळेवर घासत होता. एक पदर तुटला. मी म्हटलं, बस झालं, सोडा. तो दोराला लटकला, दोन्ही हातांनी, पाय नाळेला लावून.
"मोज तू."
शंभर सेकंद. पंखा बदलला, खीळ पाण्यात पडता पडता वाचली. पुन्हा शंभर सेकंद. तो दात ओठ खाऊन धरून होता. मी टिकटिक मोजत होतो नि डोळ्यांतून पाणी येत होतं, खारं वाऱ्याचं म्हणा हवं तर.
दोन्ही पंखे जुळले. माझ्या रजिस्टरच्या दीडपट, थोडं वरच.
त्याचे तळवे सोलवटलेत. आयोडीन लावताना मला शिव्या दिल्या. आईवरून. बरं वाटलं.

११ मार्च, गुरु.
बंदरावर गेलो. त्याची होडी रांगेतून काढून लांब चिखलात ठेवलीय. पंचांनी सांगितलं, देवीपुढे सगळ्यांदेखत नाक घासायचं, तोवर होडीला गावातला कुणी हात लावणार नाही. रंगपंचमीला घासणार आहे. हे त्याने तंबाखू मळत सांगितलं, हातांना फडकं. मला वाईट वाटतंय असं म्हणालो.
"त्ये ऱ्हाऊ दे. कागद गेला का?"
"उद्या."

१२ मार्च, शुक्र.
पत्र लिहून प्र. साहेबांना दिलं. चूक माझी, खुणा ओढल्या, फेरमोजणीचे आकडे सोबत. उभ्यानेच वाचलं. दार लावून घेतलं.
"कांबळे, मी नऊ वर्षं टेंपररी होतो." मग पत्र घडी घालून माझ्याच खिशात ठेवलं. "हे मी पाहिलेलं नाही. टायपिंग झालंय. सोमवारी साडेदहाला पाकीट मुंबईला जातं. तोपर्यंत नीट विचार करा. इनवर्डला टाकलंत तर मला वाचावं लागेल. आणि वाचलं तर पत्राखाली सही कुणाची आहे नि तो यादीत कितवा आहे तेही वाचावं लागेल."
माणूस वाईट नाही. तीच तर पंचाईत आहे. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

१४ मार्च, रवि.
रंगपंचमी. तांडेलाकडे जायचं मनात होतं, धीर झाला नाही. काय बघायला जाऊ?
वडिलांचं पत्र आलं. माझं नाव यादीत आहे हे आख्ख्या वाडीला सांगून झालंय. सु.ने वाचून दाखवलं, दोनदा. मग म्हणाली, "तुम्ही उद्या काय करणार ते मला सांगू नका." शर्ट मात्र इस्त्री केला. दोन्ही बाह्यांची घडी कडक.

१५ मार्च, सोम.
सकाळी ९.५०. इनवर्डचे भाऊसाहेब पत्र हातात घेऊन, "नक्की ना, कांबळे? एकदा नंबर पडला की मला फाडता येत नाही." हो म्हटलं. शिक्का मारला. रजिस्टरमध्ये माझ्यासमोर नंबर लिहिला, ओळीवर स्वच्छ. पत्र आत गेलं.
१०.०५. केबिनबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीतून टेबल दिसतं. रिपोर्टचं जाडजूड पाकीट डाव्या हाताला, तोंड उघडं. माझं पत्र उजव्या हाताला. साहेबांचे दोन्ही हात टेबलावर. कुठल्याच कागदावर नाहीत.
१०.२०. तसेच.
१०.२५. शिपाई गोंदाची बाटली घेऊन आत गेला. मला अजून बोलावलेलं नाही.