पहिली सही

तीर्थरूप अण्णांना धाकटीचा नमस्कार.

ऑफिसात बसूनच लिहितेय. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

काल आमच्या सरांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. दोन वर्षं मी नुसती "ज्युनियर" होते. वर म्हणाले, "या अर्जावर तूच सही कर, तुझं नाव होईल." तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

हल्ली कोर्टाचे जुने निकाल संगणक शोधून देतो, आणि कधीकधी नसलेलेही देतो. म्हणून कोर्टाचा नवा नियम आलाय. अर्जातला प्रत्येक निकाल मी मुळातून वाचलाय, असं सही करणाऱ्याने लिहून द्यायचं. खोटं निघालं तर वकिलीची सनद जाते.

मी ग्रंथालयात गेले. तिसरा निकाल एका खंडात पान सहाशे बारावर असल्याचं अर्जात लिहिलंय. तो खंड पाचशे चाळीस पानांतच संपतो.

तुम्ही जन्मभर कोर्टाचं रेकॉर्ड सांभाळलंत. न वाचता सही करणाऱ्याला तुम्ही डोळस आंधळा म्हणायचात. मी सरांना म्हटलं, "हा निकाल कुठे सापडत नाही." ते रागावले नाहीत. "राहू दे," म्हणाले आणि कागद घेऊन गेले. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

यातलं आईला काही सांगू नका.

शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी आज फार खुशीत आहे. सरांनी तिला आत्ताच नावाने हाक मारली.

अण्णा, पत्र इथेच थांबवते. तिने पेनचं टोपण काढलंय.

तुमची,
धाकटी