चाळीस मिनिटं न हलता

हे लिहायला मी बावीस दिवस टाळाटाळ केली, हे आधीच कबूल करतो. हादरे बसलेल्या गावांतल्या तडकलेल्या इमारती तपासायला उद्या आमची तुकडी निघते, म्हणून साहेबांनी प्रत्येकाकडून मृत्युपत्र मागितलं. बाकीच्यांनी कधीच दिलं. मी रोज "उद्या नक्की, साहेब" म्हणत राहिलो. आज लिहितोय, कारण समोर यंत्र चालू आहे आणि ते थांबेपर्यंत चाळीस मिनिटं मला जागचं हलता येत नाही. हात तेवढा मोकळा.

तर मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण अकरावी (बारावीच्या वर्गातून उठून एका ट्रकमध्ये बसलो, तो किस्सा पुन्हा केव्हातरी), काम भूकंपाच्या धोक्याचा नकाशा करणाऱ्यांची यंत्रं वाहण्याचं आणि लावण्याचं, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही धाकाविना लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी.

१. आठ किलोचा घण. हा माझा नाही, तुकडीचा आहे. चुकून लिहिला. राहू दे.

२. बूट, ज्याच्या पायात बसतील त्याला. ड्रायव्हरला दिले असते, पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. सायकलीचं तेच. ती समोरच्या लेथवाल्या काकांना द्यायची होती. मोजणीसाठी त्यांनी आज लेथ बंद ठेवलाय. म्हणाले, "चाळीस मिनिटं? अरे, तू पाळण्यातसुद्धा चार मिनिटं टिकला नाहीस!" काका, सायकल गेली तुमच्या हातची. ती वहिनीला.

३. वडिलांनी माझ्या नावे केलेली, या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली मी दादाच्या मुलीला देतो. अट एकच, आणि ती दादासाठी आहे. दुकान रुंद करायला त्याने तळमजल्यावरची मधली भिंत पाडली, ती त्याने परत बांधावी. नुसत्या विटांची नाही. इंजिनिअरकडून आराखडा घेऊन, सळया घालून, खांबांशी नीट जोडून. वरचे दोन मजले भिंतींनी गच्च भरलेत आणि खाली नुसते चार खांब. जमीन हलली की सगळा झोक त्या चार खांबांवर येणार, आणि पोरगी बरोबर त्यांच्या डोक्यावर झोपते.

हे मी दादाला आठ महिन्यांपूर्वी तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्याच नकाशात आपली गल्ली पिवळी आहे, म्हणजे धोका कमी. मग तुझंच तोंड कशाला लाल?" मी चिडून त्याला नाही नाही ते बोललो. तेव्हापासून बोलणं बंद.

४. आता जे कोणालाच सांगितलं नाही ते. गल्ली पिवळी आहे ती माझ्यामुळे. यंत्र जमिनीची बारीक थरथर टिपतं. मऊ, भरावाची जमीन सावकाश डोलते, कडक जमीन भरभर थरथरते. यंत्र चालू असताना जवळपास कोणी चालायचं नाही, हा पहिला नियम. त्या दिवशी माझ्याच गल्लीची पाळी होती आणि मला बसवेना. मी यंत्राभोवती येरझाऱ्या घातल्या, ओळखीच्यांशी गप्पा मारल्या, काकांच्या दारात जाऊन आलो. माझ्या पावलांची भरभर थरथर जमिनीच्या नावावर चढली आणि जमीन कडक ठरली. इथे पूर्वी तळं होतं, ते बुजवून गल्ली झाली, हे लहानपणापासून ऐकत आलोय. तरी नकाशा छापून आला तेव्हा गप्प बसलो. नोकरी जाईल म्हणून. दादाने तोच नकाशा बघून भिंत पाडली.

म्हणून आज पुन्हा मोजतोय, त्याच्याच दुकानात. वहिनीने कुलूप काढून दिलं. "हे माल आणायला गेलेत, तीनच्या आत येत नाहीत. पसारा करू नका भावजी, आणि यांच्यापुढे पुन्हा भिंतीचा विषय काढू नका." वहिनी, दुसरं कबूल केलं नव्हतं.

पायाला मुंग्या आल्यात. पाय हलवलेला नाही.

५. आजचं मोजमाप आणि हा कागद दोन्ही साहेबांकडे आणि दादाकडे द्यावेत. उद्या परत येईन की नाही याची वाट बघू नये. मोजमाप लाल आलं तर नकाशा बदलावा आणि चूक माझ्या नावावर लिहावी.

ठिकाण: दादाचं दुकान, फरशीवर, पाडलेल्या भिंतीच्या खुणेशेजारी.
दिनांक: आज, बुधवार, दुपार.
सही करणार: मी.
साक्षीदार पहिले: लेथवाले काका. साक्षीदार दुसरा: ड्रायव्हर. (सह्या यंत्र थांबल्यावर, तिघं एकत्र बसून.)

ता. क. दादा आलाय. आत्ताच, तीनला अजून बराच वेळ असताना. दारात आहे. त्याने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. आता शिव्या घालत आत येणार असं वाटलं. त्याने चपला काढल्या, हातात धरल्या आणि उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिलाय. चौकटीला टेकलासुद्धा नाही.

अजून सात मिनिटं आहेत.