पिल्लांना घातलेला जवळा

आई,

परवा नातीनं विचारलं, "आजी, तुझ्या आईला काय आवडायचं गं?" आणि मला जोगेश्वरीच्या खोलीमागची आपली पत्र्याची शेड आठवली. घरात आपण दोघीच, आणि मागे ब्रॉयलरची पिल्लं. गटारीच्या आत ती विकली गेली पाहिजेत, हा तुझा एकच धोशा. एकदा श्रावण लागला की कोंबडी घेणार कोण? भरलेले पक्षी महिनाभर नुसते खात बसणार.

त्या पावसाळ्यात गोराईच्या होड्या बंद झाल्या आणि पिल्लांच्या खाण्यात घालायची मासळीची कुटी मिळेना. तू तिच्या जागी शेंगदाण्याची पेंड वाढवलीस. तरी पिल्लं वाढेनात. पिसं विस्कटलेली, एकमेकांना टोचत बसायची. कोंबड्या तपासायला येणारे डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, प्रथिनं भरली म्हणून काय झालं? प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्यातलं लायसिन पेंडीत कमी, मेथिओनिनही कमी. त्यातलं एक जरी कमी पडलं ना, की बाकीचं वाया." तू मान डोलावलीस आणि ते गेल्यावर माळ्यावरचा डबा खाली काढलास. त्यात आपली पावसाळ्याची बेगमी, बारीक कोळंबीचा बिनमिठाचा सुका जवळा. तू तो कुटतेयस, शेंगदाण्याच्या जोडीला घेतलेल्या तिळाच्या पेंडीत कालवतेयस. नुकतीच तू दुखण्यातून उठली होतीस. अंडी-मासळी खा, असं दवाखान्यात तुला बजावून सांगितलं होतं. मी ओरडले, "अगं, तो तुझ्यासाठी ठेवलाय ना!"

"माका जवळो आवडणा नाय," तू म्हणालीस. "पिल्लांक घाल."

तळाशी उरलेला मूठभर जवळा कांदा घालून माझ्या ताटात आला. तू पेज प्यायलीस.

पिल्लं सावरली. गटारीला शेड रिकामी झाली, किती खूश होतीस तू त्या दिवशी! मग श्रावण लागला, तोही तू कडक पाळलास. मी भांडले, रडले, काही उपयोग झाला नाही. गणपती आले तेव्हा तू अंथरुणाला खिळली होतीस, आणि नवरात्र काही तू पाहिलं नाहीस. पिल्लांच्या खाण्यात काय कमी पडतंय ते डॉक्टरांनी सांगताच तुला एका झटक्यात कळलं, मग स्वतःच्या ताटाकडे का नाही गं पाहिलंस? इतकी वर्षं झाली, माझा जीव अजून तिथेच अडकतो.

हे पत्र कपाटात कपड्यांखाली ठेवून देईन. नातीला मी पटकन सांगून टाकलं, "जवळा." खरं सांगू आई, तुला तो आवडायचा की नाही, मला माहीत नाही.