बर्फातलं रक्त

अमरावती,
१२ मे २०१२

ती. भगवंतकाकांस,
आकांक्षाचा सा. न. वि. वि.

माझ्या पीएचडीच्या सरांनी आमच्या रक्तचाचणीवरून फोनवर तुमचं हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि तुम्ही नागपूरची अँजिओग्राफी रद्द केलीत, हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. काका, आधी दवाखान्यात जा.

आमचं संशोधन खोटं नाही. पेशीत आरएनएचे अगदी छोटे तुकडे असतात. कुठल्या जनुकाने किती काम करायचं, यावर ते लगाम ठेवतात. हृदय शिणलं की त्यांतले काही रक्तात कमीजास्त होतात. त्यावरून पुढेमागे आजार ओळखता येईलही. पण गावातल्यांच्या रक्ताच्या नळ्या तुम्ही एसटीने आणल्यात, तेव्हा उन्हात नासू नयेत म्हणून कुल्फीवाल्यासारखं बर्फात मीठ घातलंत. रक्त गोठलं, तांबड्या पेशी फुटल्या, त्यांच्यातले तुकडे मिसळून मोजणीच बिघडली. तुमची माया मला कळते. सरांना मी म्हटलं, हे नमुने फेका. ते म्हणाले, शेतकऱ्यांच्या हृदयावर अनुदान मिळालंय, आकडे भर. आत्महत्यांच्या बातम्यांवर यांना पैसा मिळतो. मला शिसारी आली आहे.

लोभ वाढला नाही तरी चालेल, गोळ्या चुकवू नका.

तुमची,
आकांक्षा

बार्शीटाकळी,
२४ मे २०१२

चि. आकांक्षा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा मला रागच आला होता. एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाटलं. तुझी काकू म्हणे की पोरगी जीव तोडून सांगून राहिली अन् तुमी काहून बसले. तिने ओढतच नागपूरला नेलं. हृदयाच्या दोन नळ्या बंद निघाल्या, दोन स्टेंट बसले. आता बरा आहे. काकू मला कुल्फीवाला म्हणून हाक मारते.

तुझ्या सरांना फोन करून सगळं कळवलं. निदान चुकचुकतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त माझ्या नमुन्याचा नंबर विचारला.

जेवत जा. आमची माया आहेच.

भगवंतकाका

अमरावती,
३० मे २०१२

ती. काकांस, सा. न. वि. वि.

तुम्ही सावरलात हे वाचून जीव भांड्यात पडला.

नंबर कशाला हवा होता ते काल कळलं. तुमच्या हृदयाच्या नळ्या बंद निघाल्या, म्हणजे चाचणी चुकली. म्हणून सरांनी तुमचा तेवढा नमुना खराब ठरवून काढून टाकला. कारण दिलं, बर्फात मीठ. त्याच बर्फातले बाकीचे सगळे चांगले ठरले. शोधनिबंधावरून माझं नाव काढा म्हटलं, तर दुसरा मार्गदर्शक शोध म्हणाले. शोधीन. त्या माणसाच्या खोलीतला चहासुद्धा आता घशाखाली उतरत नाही.

त्या बाकीच्यांत तुमचे शेजारी सहदेवमामा आहेत. हृदय चांगलं आहे असा सरांचा फोन आल्यापासून त्यांनी गोळ्या बंद केल्यात. मी फोन केला तर हसले; तू लहान आहेस, म्हणाले. तुमचं ते ऐकतील. लोभाचं मागाहून बघू. तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र हातात पडेल तसे उठा आणि त्यांना अकोल्याला घेऊन जा.

आकांक्षा