आईची उशी

कर्वेनगर, २९ ऑगस्ट २०२५

चि. चेतन यास ताईचे आशीर्वाद. जय जिनेंद्र.

आईची उशी उसवता उसवता थांबले आहे. कापूस पिंजायला द्यायचा होता. आतल्या कापडावर डाग अजून आहे, तळहाताएवढा.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी आईनं सल्लेखना घेतली. आधी अन्न सोडलं, मग पाणी. चौथ्या दिवशी दुपारी तिनं माझ्याकडे बघून पाणी मागितलं. मी दिलं नाही. कानात णमोकार मंत्र म्हणत राहिले. मग तुला तिच्यापाशी बसवून मंदिरात गेले. परतले तेव्हा तिच्या डाव्या गालाखाली उशी ओली होती. आई रडली होती. संध्याकाळी गेली.

आता संध्याकाळी सामायिकाला डोळे मिटून ध्यानात बसलं की माझा डावा गाल ओला लागतो. हात लावते तर कोरडा. गणपती मंडळाचा स्पीकर त्याच वेळी सुरू होतो. त्याच्यावर खापर फोडून पाहिलं, फुटलं नाही.

अनंत चतुर्दशीला मंदिरात उतरलेल्या साध्वी माताजींकडून सगळ्यांसमोर व्रत घ्यायचं ठरलं आहे. मनात शल्य ठेवून व्रत घेता येत नाही, असं त्या म्हणतात. आई तुला काही बोलली का, एवढंच कळव.

वाघोलीचं पाणी टँकरचं. गाळून पीत जा. लोभ आहेच, तो पत्रानं वाढव.

तुझी ताई

वाघोली, २ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र कुणाचं म्हणून सोनालीनं विचारलं, तर बँकेचं म्हणालो. बायकोशी खोटं बोलायची सवय जुनी आहे.

आई रडली नाही. ते पाणी माझं. तू जिना उतरलीस आणि मी माझ्या बाटलीतलं पाणी चमच्यानं तिच्या ओठांना लावलं. न गाळलेलं. तिनं ओठ मिटले. तीन चमचे ओतले. तिन्ही गालावरून उशीत गेले. मग तिनं माझं मनगट धरलं. जोर नव्हता, तरी सुटेना.

क्षमावाणीला, वर्षभराची क्षमा मागायच्या दिवशी, मी दोनशे जणांना एकच मेसेज पाठवतो. त्यात तूही असतेस. तू 'उत्तम क्षमा' लिहितेस आणि मी सुटलो असं समजतो. मनगट मात्र अजून धरलेलं आहे. त्या हाताला घड्याळ बांधत नाही. सोनालीला सांगितलंय, घामोळं येतं.

लोभ मागावा असं काही केलेलं नाही. तरी असू दे.

तुझा चेतन

कर्वेनगर, ५ सप्टेंबर

चि. चेतन यास आशीर्वाद, नेहमीचेच.

तुझं पत्र तीनदा वाचलं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शोकसभेत सगळे म्हणाले, लेकीनं आईचं व्रत राखलं. मी मान खाली घालून ऐकलं आणि मला ते आवडलं. अजून आवडतं. उद्या समोर तीच माणसं बसणार आहेत. मी व्रत कुणासाठी घेत होते, ते आज कळलं.

आईनं माझ्याकडे पाणी मागितलं आणि तुझ्याकडचं नाकारलं. तिचं व्रत तिनंच राखलं. मी नुसती नाही म्हणाले.

संध्याकाळी गाल ओला लागला. हात लावला नाही.

उशी होती तशी शिवून ठेवली आहे. तुला रागवायचं होतं, जमलं नाही. तेवढ्यावर भागव.

तुझी ताई

हे पत्र टपालात पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चेतनच कर्वेनगरला आला. प्रेमलाताईचा निर्जळी उपवास होता. तिनं पाणी गाळून पेला त्याच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत उभी राहिली. मग दोघं मंदिरात गेली. तिनं माताजींना सगळं सांगितलं. व्रत घेतलं नाही.